फडातल्या खास गाडीला टायर: तयार साईज, जुना साचा की नवा साचा?

चिकोडी, रायबाग, अथणीच्या काळ्या रानातून तोडलेला ऊस रस्त्यापर्यंत काढायला अनेक जण स्वतःची गाडी बांधून घेतात. खानापूरकडे भाताच्या खाचरात उतरणारं यंत्र हवं असतं. सांगाडा, हब, हायड्रॉलिक सिलिंडर हे बेळगावच्या उद्यमबागेत किंवा कोल्हापूरजवळ शिरोलीत जमून जातं. अडतं ते टायरवर, आणि मग "नवा साचा काढून आपल्या मापाचा टायरच बनवून घेऊ" असा विचार सुरू होतो. दहा-वीस गाड्यांपर्यंत तो विचार सोडून द्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. मात्र त्याआधी आकडे हातात हवेत.

भरलेली गाडी वजनकाट्यावर न्या आणि एकेक ॲक्सल वेगळा तोलून घ्या. समजा एका ॲक्सलवर ६ टन आले, म्हणजे एका चाकावर ३,००० किलो. बांध ओलांडताना भार एका अंगाला कलतो, म्हणून २० टक्के वाढवून ३,६०० धरा. टायरवरचा लोड इंडेक्स, म्हणजे भाराचा सांकेतिक आकडा, १५३ असेल तर ३,६५० किलो. त्यापुढचं ए८ हे अक्षर ताशी ४० किलोमीटर वेग सांगतं. दोन्ही एकत्रच वाचायचे.

दुसरा आकडा हवेचा. टायरमध्ये जेवढा दाब, साधारण तेवढाच दाब जमिनीवर पडतो. टायर कडक असेल तर थोडा जास्त. ट्रकचा जुना टायर ८५ पौंडांवर (दर चौरस इंचाला) चालवला, तर ३,००० किलो जेमतेम ५०० चौरस सेंटिमीटरवर टेकतात. ओल्या काळ्या मातीत चाक रुततं आणि खोडव्याच्या मुळाशी माती दगडासारखी दबते. २१ पौंडांवर तेच वजन २,००० चौरस सेंटिमीटरवर पसरतं, म्हणजे ५० सेंटिमीटर रुंद आणि ४० लांब ठसा. पण इतक्या कमी दाबावर भार पेलायला आत हवेचा साठा मोठा लागतो. टायर रुंद आणि उंच होतो तो त्यामुळे. कंपनीच्या भार-दाब तक्त्यात तुमच्या दाबापुढचा भार बघा. बाजूवर छापलेला लोड इंडेक्स हा पूर्ण दाबावरचा असतो.

तयार साईज, नवी रिम. बहुतेकांसाठी हाच मार्ग. ४००/६०-१५.५ म्हणजे रुंदी ४०० मिलिमीटर, उंची रुंदीच्या ६० टक्के, रिम साडेपंधरा इंची. एकूण व्यास सुमारे ८७४ मिलिमीटर. त्याऐवजी ५००/६०-२२.५ घेतला तर व्यास १,१७२ होतो. म्हणजे गाडीचा तळ १५ सेंटिमीटर वर जातो, आणि उंच रचलेला ऊस वळणावर कलंडायची भीती त्या प्रमाणात वाढते. उंची परवडत नसेल तर लहान टायर ठेवून दुसरा ॲक्सल जोडणं हा साच्याच्या खर्चापुढे स्वस्त उपाय आहे.

रिम बनवताना तीन चुका होतात. रिम अरुंद केली की टायरचा मधला भाग फुगून तिथेच झिजतो. चाक बाहेर काढलं की हबच्या बेअरिंगवर तरफेसारखा ताण येऊन ती लवकर जाते. तिसरी चूक जिवावरची: टायर चढलेला असताना रिमवर वेल्डिंग करणं. हवा काढलेली असली तरी आतलं रबर तापून गॅस होतो आणि टायर स्फोटासारखा फुटतो. टायर पूर्ण उतरवल्याशिवाय वेल्डिंगची टोच रिमला लागता कामा नये, मग कारागीर कितीही अनुभवी असो.

कंपनीचा जुना साचा, आतली रचना तुमची. याची चर्चा फार कमी होते, आणि खरा फायदा इथेच आहे. साचा टायरला बाहेरचा आकार आणि नक्षी देतो. प्लाय (रबराच्या आतले दोऱ्यांचे थर) आणि रबराचं मिश्रण बरंचसं त्याच साच्यात बदलता येतं. तोडलेल्या उसाची खोडकी टायरची बाजू फाडतात, म्हणून तिथे चिरीला टिकणारं रबर आणि जादा प्लायचा नायलॉन टायर मागा. रेडियलचा, म्हणजे दोरे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ जाणाऱ्या टायरचा, ठसा मोठा, माती कमी दबते, पण बाजू पातळ असते. खोडक्यांच्या रानात नायलॉन बरा. भाताच्या चिखलासाठी आर-२ या प्रकारच्या टायरची खोल नक्षी घ्या. मात्र रोज डांबरी रस्त्यावर धावणार असेल तर ती तापते आणि झपाट्याने झिजते. कंपनी यासाठी किमान संख्येची ऑर्डर मागते, म्हणून चार-पाच गाडीवाल्यांनी मिळून मागणी द्यावी.

नवा साचा. साच्याचा खर्च लाखांत. शिवाय आराखडा, नमुना टायर, ड्रमवर धावण्याची चाचणी आणि रानातली चाचणी यांत महिने जातात. व्यास किंवा रुंदी कोणत्याच कंपनीच्या यादीत नसेल आणि तीच गाडी वर्षानुवर्षं शेकड्यांनी विकायची असेल, तरच याकडे वळा. चार फुटी सरीतून जाणाऱ्या उंच, अरुंद फवारणी यंत्रालासुद्धा आधी ट्रॅक्टरच्या अरुंद साईज तपासा. बहुधा तिथेच काम होतं.

रिमोल्ड, म्हणजे जुन्या टायरवर नवं रबर चढवलेला टायर, खास गाडीच्या भारी ॲक्सलला नकोच. वर नवी नक्षी येते, आतला थकलेला प्लाय तोच राहतो.

यंत्राची चारही चाकं ओढणारी असतील तर पुढच्या-मागच्या टायरच्या घेरांचं प्रमाण मूळचंच ठेवा, नाहीतर पुढचा गिअर तुटतो. ओढणाऱ्या चाकात हवा फार कमी केली की टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह मुळातून उपटतो.

ऑर्डर देताना ठरलेल्या दाबावर किती भार आणि किती वेग, हे लेखी घ्या. साचा केलाच, तर तो कोणाच्या मालकीचा आणि पुढे सुटे टायर किती वर्षं मिळतील हेही त्याच कागदावर हवं. पहिल्याच खेपेला दोन टायर जास्तीचे घेऊन ठेवा. ऐन हंगामात एक फाटला तर पुढचा लॉट निघेपर्यंत गाडी उभी राहते.