कॅमेरे की ओपन स्पेसला लाईट? आमच्या कॉलनीचा घोळ

जळगावला आमच्या कॉलनीत वर्गणीचे पैसे जमलेत पण दोन्ही कामं एकदम होणार नाहीत, म्हणून मीटिंगमधे नुसता गोंधळ. अर्धे म्हणतात गेटवर कॅमेरे लावा, अर्धे म्हणतात ओपन स्पेसला लाईट आणि पोरांना खेळणी.

कॅमेऱ्याचं कसंय, चोरी झाल्यावर पोलिसांना दाखवायला फुटेज मिळतं हे खरं, पण रात्री साध्या इन्फ्रारेड कॅमेऱ्यात सगळं काळंपांढरं, गाडी लाल होती का निळी तेपण कळत नाही, हेडलाईट समोरून आला की नंबर प्लेट नुसती पांढरी पट्टी. हार्डडिस्क भरली की जुनं रेकॉर्डिंग आपोआप पुसतं. आणि लाईट गेली तर बॅकअप पाहिजे, नाहीतर कॅमेरा नुसता शोभेला.

ओपन स्पेसचं वेगळं. आत्ता तिथं गाजरगवत आणि फुटक्या बाटल्या, सातनंतर बायामाणसं तिकडून जातच नाहीत. दोन-चार एलईडी लागले तर जेवण झाल्यावर लोकं शतपावलीला येतील, थंडीत भरीत पार्टीपण तिथंच, माणसांचा वावर असला की कोणी उगाच रेंगाळत नाही. फक्त घसरगुंडी पत्र्याची नको बरं का, मे महिन्यात ४४-४५ डिग्रीत पोरांच्या मांड्या भाजतात, फायबरची घ्या न् लिंबाच्या सावलीत बसवा.

माझं मत आधी लाईट, मग उरलेल्या पैशात गेटवर एकच चांगला कॅमेरा. रविवारी परत मीटिंग आहे, चहा आमच्याकडे.