बाळंतपणाची तारीख: पाळीवरून की सोनोग्राफीवरून?

पाळीचा हिशेब सोपा: शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात सात दिवस आणि नऊ महिने मिळवा. पाळी 10 जून 2025 ला आली, तर तारीख 17 मार्च 2026, म्हणजे 280 दिवस. पाळी संपल्याचा दिवस धरू नका. ही चूक फार होते. ‘जोतिबाच्या यात्रेनंतर चार दिवसांनी’ एवढंच आठवत असेल, तरी दिनदर्शिकेत तारीख सापडते.

पण हा हिशेब 28 दिवसांच्या चक्राचा, चौदाव्या दिवशी बीज सुटतं असं मानून केलेला. चक्र नियमित 35 दिवसांचं असेल तर सात दिवस वाढवा. पाळी अनियमित असेल, नुकत्याच गर्भनिरोधक गोळ्या थांबवल्या असतील किंवा गर्भ राहिल्यावरचा हलका रक्तस्राव पाळी समजला गेला असेल, तर पाळीच्या तारखेवर विसंबू नये.

सोनोग्राफीत पहिल्या तिमाहीत बाळाची डोक्यापासून कुल्ल्यापर्यंतची लांबी मोजतात. चौदा आठवड्यांच्या आत ही सर्वांत भरवशाची. अंदाज चुकलाच तर साधारण पाच ते सात दिवसांनी. पाळीच्या तारखेशी नऊ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी पाच दिवसांहून जास्त, त्यानंतर चौदा आठवडे पूर्ण होण्यापूर्वी सात दिवसांहून जास्त तफावत आली, तर सोनोग्राफीची तारीख धरतात.

शेवटच्या तिमाहीत मात्र अंदाज तीन आठवडेही चुकू शकतो, कारण तोवर प्रत्येक बाळाची वाढ वेगळी झालेली असते. म्हणून पहिल्या सोनोग्राफीवरून ठरलेली तारीख नंतरच्या रिपोर्टवरून बदलू नका. गडहिंग्लजहून कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात दाखवायला जाताना पहिला रिपोर्ट फाईलमध्ये सर्वांत वर ठेवा.