झेडएफएस: डेबियनची वाट की उबुंटूची?

झेडएफएस ही फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली साठवण्याची व्यवस्था, सन कंपनीच्या सीडीडीएल लायसन्सखाली आहे, तर लिनक्स कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, जीपीएल लायसन्सच्या दुसऱ्या आवृत्तीखाली. दोन्ही लायसन्स मुक्तच, म्हणजे कोड कुणालाही वापरता, बदलता, वाटता येतो. पण जीपीएल म्हणते, जोडून बनलेली अख्खी वस्तू माझ्याच अटींवर वाटा. आणि सीडीडीएल आपल्या फाइलींवरचा हक्क सोडत नाही. मग दोन्ही एकाच सीडीवर द्यायचं कसं?

उबुंटू या लिनक्स डिस्ट्रोने (वापरायला तयार लिनक्स संचाने) २०१६ मध्ये १६.०४ या आवृत्तीपासून झेडएफएसचं बांधलेलं मॉड्यूलच (कर्नलला जोडायचा भाग) कर्नलसोबत द्यायला सुरुवात केली. उबुंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकल कंपनीच्या मते यात नियमभंग नाही. सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी या मुक्त सॉफ्टवेअरसाठी काम करणाऱ्या संस्थेने मात्र त्याच वर्षी, हा जीपीएलचा भंग आहे, असं जाहीरपणे सांगितलं.

डेबियन हे दुसरं डिस्ट्रो झेडएफएसच्या मॉड्यूलचा फक्त सोर्स (मूळ कोड) देतं, तेही मुख्य भांडारात नव्हे, ‘कॉन्ट्रिब’ या वेगळ्या विभागात. पॅकेज टाकताना लायसन्स जुळत नसल्याची सूचना पडद्यावर येते, आणि मॉड्यूल डीकेएमएस हे साधन तुमच्याच मशीनवर बांधतं. जीपीएलच्या अटी वाटपाला लागतात, घरच्या वापराला नाही. म्हणून हा मार्ग चालतो. त्रास होतो तो कर्नल अपडेटच्या वेळी. नव्या कर्नलचे हेडर्स (मॉड्यूल बांधायला लागणाऱ्या फाइली) नसतील तर मॉड्यूल बनत नाही, आणि रीबूटनंतर पूल (झेडएफएसने एकत्र बांधलेल्या डिस्क) दिसेनासा होतो. डेटा जागेवरच असतो, पण त्या क्षणी पोटात गोळा येतोच.

सोय उबुंटूकडे आहे, हे मान्य. तरी मी डेबियनच निवडतो. हजारो लोकांनी जीपीएलवर विश्वास ठेवून कर्नलला कोड दिला आहे. त्यांच्या अटीपुढे माझी पाच मिनिटं गेली तर जाऊ देत. मात्र डिस्ट्रो बदलणं शक्य नसेल, तर उबुंटू वापरणाऱ्यावर कसलाही भंग येत नाही. प्रश्न वाटणाऱ्याचा आहे.