झाडे वाढली, पाल मात्र खंगली

इंग्लंडमधल्या लेस्टरच्या आमच्या घरी क्रेस्टेड गेको जातीची एक पाल आहे. न्यू कॅलेडोनियातील ही जात नामशेष झाली असे मानले जात होते. 1994 मध्ये ती पुन्हा सापडली. तिच्यासाठी मी 60 सेंटीमीटर उंचीची काचेची पेटी घेतली, आत मनीप्लांट, नेचे आणि ब्रोमेलियाड लावले, आणि झाडांचे व पालीचे एकाच दिव्यात भागावे म्हणून 38 पौंडांची एक एलईडी पट्टी ऑनलाइन मागवली.

खोक्यावर ‘फुल स्पेक्ट्रम, यूव्हीबी 10.0’ असे ठळक छापले होते; यूव्हीबी म्हणजे पालीच्या त्वचेत डी3 जीवनसत्त्व तयार करणारे अतिनील किरण. सोबत तपासणीचे एक छोटे कार्ड होते. ते दिव्याखाली धरताच त्यावरचा पांढरा ठिपका जांभळा झाला आणि माझी खात्री पटली. हा दिवा असताना डी3 (हाडांना कॅल्शियम मिळण्यासाठी लागणारे जीवनसत्त्व) असलेली कॅल्शियमची पूड देऊ नये, असेही विक्रेत्याने लिहून कळवले, आणि मी ते मानले. पाल तयार खाद्याला तोंड लावत नसे, रातकिडेच खाई, त्यामुळे डी3 मिळण्याचा तिचा तो एकच खात्रीचा मार्ग मी स्वतःच्या हाताने बंद केला, याची खंत मला आजही आहे.

पाच महिन्यांत मनीप्लांट झाकणाला टेकला, आणि ती हिरवाई पाहून दिवा उत्तम असल्याची माझी समजूत अधिकच पक्की झाली. पाल मात्र काचेवरून घसरू लागली, तिच्या शेपटीला बाक आला, खालचा जबडा मऊ लागू लागला. पशुवैद्यांनी एक्स-रे काढला तेव्हा हाडे विरळ झालेली दिसली. त्यांनी यूव्ही इंडेक्स, म्हणजे अतिनील किरणांची तीव्रता, मोजणारा मीटर त्या पट्टीखाली धरला. आकडा शून्यावरून हलला नाही.

पांढऱ्या एलईडीचा प्रकाश 450 नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या प्रकाशापासून आणि त्यावरच्या फॉस्फरच्या लेपापासून तयार होतो. झाडांना लागणारा 400 ते 700 नॅनोमीटरचा प्रकाश त्यातून मिळतो. त्वचेत डी3 तयार होण्यासाठी लागणारे 315 नॅनोमीटरच्या आतले यूव्हीबी किरण त्यात नसतात. माझ्या पट्टीत मधूनमधून जांभळे एलईडी बसवले होते आणि त्यांनीच कार्डाचा रंग बदलला होता, कारण अशी कार्डे यूव्हीएनेही, म्हणजे डी3 न बनवणाऱ्या जास्त तरंगलांबीच्या अतिनील किरणांनीही, रंगतात.

तोवर विक्रेत्याचे खाते बंद झाले होते, आणि बँकेच्या कार्डाने भरलेले पैसे परत मागण्याची 120 दिवसांची मुदत उलटल्याचे बँकेने सांगितले.

आता झाडांसाठी 6500 केल्विनची (दिवसासारख्या पांढऱ्या उजेडाची) साधी एलईडी आहे आणि पालीसाठी वेगळी टी5 (बारीक फ्लुरोसंट) यूव्हीबी नळी. काच यूव्हीबी जवळजवळ पूर्ण अडवते, म्हणून नळी वरच्या जाळीवर ठेवली आहे. पाल बसते तिथे इंडेक्स एकच्या आत राहतो, सावलीतल्या या जातीला तेवढा पुरतो. नळी दिसायला पेटत राहिली तरी तिचे यूव्हीबी उतरत जाते, म्हणून ती वर्षाने बदलावी लागते. जबडा आता घट्ट झाला आहे. शेपटीचा बाक राहील, असे डॉक्टर म्हणतात.

आपण अशी एलईडी घेणार असाल तर विक्रेत्याकडे तरंगलांबीचा आलेख आणि अंतरानुसार यूव्ही इंडेक्सचा तक्ता मागा. ते दोन्ही मिळाले नाहीत, तर ती पट्टी केवळ झाडांसाठी घ्या, आणि तीही झाडांच्या दिव्याच्याच किमतीत.