अख्खा नोड की वाटून घेतलेला?
स्लर्ममध्ये (महासंगणकावर कामांची रांग लावणारं सॉफ्टवेअर) जॉब, म्हणजे आपलं काम, टाकताना 'एक्सक्लुझिव्ह' लिहिलं की नोड, म्हणजे महासंगणकातला एक संगणक, तुमचा एकट्याचा. नाहीतर समजा त्याच्या ६४ कोअरपैकी (प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग) १६ तुमचे, बाकीच्यांवर दुसऱ्यांची कामं. कोअर वेगळे असले तरी मेमरी बँडविड्थ, म्हणजे मेमरीतून डेटा ने-आण करायची क्षमता, सामाईक. शेजारच्या जॉबने ती ओरबाडली की तुमच्या एखाद-दोन प्रोसेस रेंगाळतात, आणि एमपीआयच्या (प्रोसेसना एकमेकींशी डेटाची देवाणघेवाण करू देणारी पद्धत) बॅरिअरपाशी, म्हणजे सगळ्या पोचेपर्यंत थांबायच्या टप्प्यावर, बाकीच्या सगळ्या त्यांच्यासाठी ताटकळतात. म्हणून स्केलिंगचा, म्हणजे कोअर वाढवले की वेग किती वाढतो याचा, आलेख काढायचा असेल तर अख्खा नोडच घ्या. (नेटवर्क आणि लस्टरसारखी फाइल सिस्टिम तिथेही सामाईकच, त्यामुळे आकडे थोडे हलणारच.) एकेका कोअरवर चालणारी सुटी कामं मात्र वाटून घेतलेल्या नोडवर खुशाल टाका. नंबर बहुधा लवकर लागतो, रिकाम्या कोअरचे तासही तुमच्या वाट्याच्या तासांच्या खात्यातून कापले जात नाहीत.