टॅन रंग वापरून आठ महिने झाले, त्याचा अनुभव

गेल्या दिवाळीत चपलांच्या कॅटलॉगचं काम आलं, तेव्हा टॅन, म्हणजे कातड्यासारखा फिका तपकिरी रंग, पहिल्यांदा हातात घेतला. पांढऱ्या पानावर कोल्हापुरी पायताण उपरं वाटत होतं. मागं फिका टॅन टाकला आणि वेणी, पट्टा, टाक्याचा दोरासुद्धा उठून दिसायला लागला. नातं जुनंच आहे म्हणा. टॅन म्हणजे मुळात कातडं कमावणं, आणि आपल्याकडं ते बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावतात.

पण अक्षरांत मी फसलो. टॅनवर पांढऱ्यात किमती टाकल्या. दुकानदारांनी चष्मा वर केला, पान लांब धरलं आणि विचारलं, "दर कुठं लिवलाय ओ?" नंतर मोजून बघितलं. वेबवर टॅन नावाचा जो ठरलेला रंग आहे (लाल २१०, हिरवा १८०, निळा १४०), त्यावर पांढऱ्याचा कॉन्ट्रास्ट (दोन रंगांच्या उजळपणातल्या फरकाचं माप) जेमतेम २ भरतो. बारीक मजकुराला निदान ४.५ तरी हवा. आता मी गडद चॉकलेटीच वापरतो, तो ७ च्या आसपास जातो. काळाही चालतो, पण तो टॅनवर टोचतो.

छपाईत या रंगानं खरा घाम काढला. छपाईच्या चार शायांत मॅजेंटा (गडद गुलाबी) जरा वाढला की पान गुलाबी, घटला की हिरवट. सोळा पानांत तीन वेगळे टॅन आले! शेवटी मशीनवर बसणाऱ्या मामांनी सुचवलं, "स्पेशल शेड मिसळून एका प्लेटवर घ्या." खर्च वाढला, पण सगळी पानं एकसारखी आली. मॅपलिथोवर, म्हणजे बिनचकाकीच्या साध्या कागदावर, शाई मुरते आणि रंग मळतो, तिथं शेड आधीच फिकी धरावी. प्रूफही (छपाईआधीचा नमुना) ट्यूबलाईटखाली पास करू नये. मी दारात, उजेडात नेऊन बघतो. पावसाळ्यात दुपारी आभाळ उघडायची वाट बघतो.

गुळाच्या खोक्याला मात्र हा रंग अजिबात घेऊ नका. ढेप आणि पाठीमागचा रंग एकच होऊन बसतात. तिथं मी गडद हिरवा घेतला.

त्याच दुकानाचा दुसरा कॅटलॉग आता हातात आहे. टॅन फक्त फोटोंच्या मागं ठेवलाय, दरांची पट्टी पांढरी सोडलीय.