सॅम्पल जाड, भिंतीवर पातळ: साइडिंगवाल्याने घातलेली टोपी

न्यू जर्सीत जुनं घर घेतलेल्या किंवा घ्यायच्या बेतात असलेल्या मंडळींसाठी हे लिहितेय. इकडची घरं लाकडी सांगाड्याची. बाहेरून एकात एक अडकवलेल्या लांब पट्ट्यांचं आवरण, म्हणजे साइडिंग, असतं, आणि हल्ली पुष्कळ ठिकाणी त्या विनाइलच्या, म्हणजे पीव्हीसीच्या असतात. आमचं जुनं ॲल्युमिनियम साइडिंग चेपलं होतं, रंगही उडाला होता. ते बदलायला घेतलं आणि चांगलेच गंडवले गेलो.

माणूस दारावर आला. गोडबोल्या. तुमचं घर कोपऱ्यावर, लोकांच्या नजरेत भरतं, आम्ही ते नमुना म्हणून गिऱ्हाइकांना दाखवू, म्हणून तुम्हाला निम्मा भाव. पण सही आजच झाली पाहिजे. ही युक्ती इथे १९५०-६०च्या ॲल्युमिनियम साइडिंगच्या जमान्यापासून चालत आली आहे, हे नंतर कळलं. माल बदलला, बोलणं तेच.

बॅगेतून निघालेलं सॅम्पल जाडजूड, मागे फोम चिकटवलेला. कंत्राटात मात्र ‘प्रीमियम विनाइल साइडिंग, लाइफटाइम वॉरंटी’ एवढंच. कंपनी, मॉडेल, जाडी, कशाचाच पत्ता नाही. मानकाप्रमाणे विनाइल किमान ०.०३५ इंच जाड हवं. बिल्डर स्वस्तात लावतात ते साधारण ०.०४०, आणि चांगलं ०.०४४, ०.०४६ किंवा त्याहून जाड. भिंतीवर चढल्यावर हा फरक नुसत्या डोळ्यांना कळत नाही. सगळी मेख तिथेच.

पुढची चलाखी वेळेची. घरी येऊन केलेला असा सौदा तीन कामकाजाच्या दिवसांत रद्द करायचा हक्क अमेरिकेत केंद्रीय नियमानेच दिलेला आहे. शनिवार त्यात धरतात, रविवार नाही. विक्रेत्याने हे तोंडी सांगायचं असतं आणि रद्द करायच्या फॉर्मच्या दोन प्रती हातात द्यायच्या असतात. आम्हाला ना सांगितलं, ना फॉर्म दिला. उलट दुसऱ्या दिवशी सकाळीच माणसं येऊन जुनं साइडिंग उचकटायला लागली. हक्क तेव्हाही शाबूत असतो, पण भिंती उघड्या पडल्यावर रद्द करायचं कोणाच्या मनात येतंय!

उन्हाळ्यात पट्ट्यांना लाटा आल्या. दुपारी ऊन चढलं की भिंतींतून कटाकट आवाज. फोन केला तर म्हणे, बसेल हळूहळू. पुढे फोन उचलणंच बंद.

शेवटी दुसऱ्या एका मुरलेल्या कारागिराला बोलावलं. त्याने झिप टूलने एक पट्टी सोडवली आणि आतला सगळा कारभार दाखवला. विनाइल उन्हात वाढतं, थंडीत आकसतं. बारा फुटी पट्टीत वर्षभरात अर्ध्या इंचाचा तरी फरक पडू शकतो. म्हणून ती ठोकायची नसते, टांगायची असते. खिळा लांबट भोकाच्या मधोमध, डोकं किंचित सुटं, टोकांना पाव इंच मोकळी जागा. आमचे खिळे हातोड्याने पार आत हाणलेले. त्याहून वाईट म्हणजे विनाइलच्या मागे लाकडावर गुंडाळतात तो पाणी अडवणारा पडदा, हाउसरॅप, तोच नव्हता. विनाइल सगळं पाणी अडवत नाही. वाऱ्याच्या पावसात थोडं मागे जातंच, आणि ते लाकडापर्यंत पोचू न देणं हे हाउसरॅपचं काम. खिडक्यांभोवती पाणी बाहेर वळवणाऱ्या पट्ट्या, म्हणजे फ्लॅशिंग, नाही, खालचं प्लायवुड काळं पडायला लागलेलं. गॅरेजमध्ये उरलेला तुकडा कॅलिपरने मोजला: ०.०४०. फोम नावालाही नाही.

आणि ती वॉरंटी? ती माल बनवणाऱ्याची असते. चुकीच्या बसवणीला तो बांधील नाही. आमच्या कागदावर तर बनवणाऱ्याचं नावच नव्हतं.

इथे कंत्राटदाराची नोंदणी राज्याच्या डिव्हिजन ऑफ कन्झ्युमर अफेअर्सकडे असावी लागते. नोंदणी क्रमांक ‘१३व्हीएच’ने सुरू होतो आणि ऑनलाइन तपासता येतो. आमच्या कंत्राटावरचा भलत्याच नावावर निघाला. तक्रार तिथेच केली आहे. फसवणूक सिद्ध झाली तर कायद्याने नुकसानीच्या तिप्पट भरपाई मिळू शकते, पण ज्याचा पत्ताच खोटा त्याच्याकडून वसूल काय करणार?

सही करण्याआधी कंपनी, मॉडेल, जाडी, रंग, हाउसरॅप आणि फ्लॅशिंग हे सगळं कंत्राटात लिहून घ्या. माल आला की खोके फोडण्याआधी त्यांवरची लेबलं कागदाशी ताडून बघा, फोटो काढा. हाउसरॅप लागला की स्वतः बघा, मगच पट्ट्या चढू द्या. पैसे टप्प्याटप्प्याने द्या. शेवटचा हप्ता देताना माल पुरवणाऱ्याचं देणं फिटल्याचा कागद, म्हणजे लीन वेव्हर, मागून घ्या. नाहीतर त्याचा दावा तुमच्या घरावर येऊ शकतो. आणि काम चालू असतानाच एखादी पट्टी हाताने डावी-उजवीकडे सरकवून बघा. थोडी तरी हलली पाहिजे. आमची एकही हलत नव्हती.